पद्धत आधी, घड्याळ नंतर : मशीन शॉपमधील कार्यपद्धती अभ्यास, टप्प्याटप्प्याने

कारखान्यात उत्पादन कमी पडू लागले की पहिला हुकूम बहुधा घड्याळाचा सुटतो. एका नगाला किती मिनिटे लागतात ते मोजा, ऑपरेटरला ताशी आकडा ठरवून द्या आणि आकडा भरला नाही तर कारण लिहून घ्या. या मार्गाने चुकीच्या पद्धतीने काम करायला नेमका किती वेळ लागतो, एवढेच अचूक समजते. पद्धत तीच राहते, वेळ तोच राहतो, आणि ऑपरेटर व सुपरवायझर यांच्यातील अविश्वास तेवढा वाढतो. म्हणून या लेखातील क्रम उलटा आहे. आधी काम प्रत्यक्षात कसे होते ते लिहून काढायचे, मग त्यातील प्रत्येक कृतीला प्रश्न विचारायचे, नवी पद्धत बसवायची आणि त्यानंतरच प्रमाणवेळ, म्हणजे त्या कामाला धरायचा ठरावीक वेळ, ठरवायची.

हा क्रम जुनाच आहे. अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ यांनी विटांच्या बांधकामाचा अभ्यास केला, तेव्हा एक वीट बसवण्यासाठी लागणाऱ्या सुमारे १८ हालचाली पाचांपर्यंत खाली आल्या आणि एका गवंड्याचे काम ताशी १२० विटांवरून ३५० विटांपर्यंत गेले. गवंड्यांना घाई करायला कोणी सांगितले नव्हते. विटा पायाशी पडलेल्या असायच्या, त्या उंची बदलता येणाऱ्या मचाणावर हाताशी आल्या, विटांची चांगली बाजू पाहून त्या लावून ठेवण्याचे काम मदतनिसाकडे गेले, आणि चुन्याचे मिश्रण असे ठेवले की वीट थापीने ठोकून बसवावी लागू नये. भारतात हे शास्त्र रुजले ते स्वातंत्र्यानंतर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ १९५० च्या दशकात येथील कारखान्यांत काम करून गेले, १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि १९६३ मध्ये मुंबईत पवईला ‘नीटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था उभी राहिली, जी आता आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. शिरोली, भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सहज आढळेल असे एक मध्यम आकाराचे मशीन शॉप डोळ्यांसमोर आणावे. बाहेरच्या फाउंड्रीतून बिडाचे कास्टिंग येते, दोन सीएनसी लेथवर (नग फिरवून कापणारी संगणक-नियंत्रित मशीन) टर्निंग होते, एका व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणक-नियंत्रित मशीनवर) छिद्रे आणि आटे पाडले जातात, टेबलावर बर (कापल्यावर कडेला उरलेली धारदार कोर) काढली जाते, त्यानंतर तपासणी, गंजरोधक तेल आणि पॅकिंग. आकडे समजून घेण्यासाठी योजलेले आहेत. वाचकाने आपल्या शॉपचे आकडे त्या जागी घालावेत.

कोणत्या कामाचा अभ्यास करायचा

सगळ्या शॉपचा अभ्यास एकदम करायला निघालेले लोक आठवड्याभरात थकतात. सुरुवात एकाच जागेपासून करावी आणि ती जागा म्हणजे ज्या मशीनमुळे संपूर्ण शॉपचा वेग ठरतो ते मशीन. ते ओळखण्याची पहिली खूण डोळ्यांना दिसते: ज्या मशीनच्या अलीकडे क्रेटची थप्पी सतत उभी असते आणि ज्याच्या पलीकडची माणसे जॉबची वाट पाहत बसतात, ते मशीन. मात्र डोळ्यांवर विसंबून न राहता हिशोबही मांडावा, कारण कधी कधी थप्पी लागलेली असते ती केवळ नियोजन चुकल्यामुळे.

समजा एका लेथवर महिन्याला ५,००० नग काढायचे आहेत आणि एका नगाला दार उघडण्यापासून पुन्हा दार उघडेपर्यंत ३.६ मिनिटे लागतात. म्हणजे १८,००० मिनिटे, अर्थात ३०० तास. दिवसाला दोन वेळा जॉब, म्हणजे काढायचा नग, बदलतो आणि मशीन नव्याने जुळवावे लागते (याला सेटिंग म्हणतात); महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० सेटिंग. प्रत्येक सेटिंगला ९५ मिनिटे धरली तर सुमारे ७९ तास. एकूण गरज ३७९ तासांची झाली. उपलब्ध वेळ किती? दोन शिफ्ट, प्रत्येकी साडेसात तास, २५ दिवस, म्हणजे ३७५ तास. मशीन एकदाही बंद पडले नाही आणि एकही नग रिजेक्ट झाला नाही तरी वेळ पुरत नाही. याच रीतीने व्हीएमसीचा हिशोब केला आणि तिची गरज ३३५ तासांची निघाली, तर अडचण लेथवर आहे हे स्पष्ट होते. मग बर काढण्याच्या टेबलावर कितीही सुधारणा केली तरी महिन्याअखेर एकही नग जास्त निघणार नाही. अनेक शॉपमध्ये नेमके हेच घडते: सुधारणा जिथे सोपी असते तिथे केली जाते, फळ्यावर तिचे फोटो लागतात आणि डिस्पॅच होता तेवढाच राहतो.

वेगाव्यतिरिक्त आणखी दोन कारणांसाठी एखादे काम निवडावे. ज्या कामात माणसाला इजा होते किंवा पाठ-खांदे दुखतात असे काम, आणि जिथे रिजेक्शन वारंवार होते असे काम. ही दोन्ही अडचणीच्या मशीनवर नसली तरी थांबवून ठेवण्यासारखी नाहीत.

नोंद: काम जसे होते तसे

नोंद करण्यापूर्वी ऑपरेटरशी बोलावे. कशासाठी पाहणार आहोत, काय लिहिणार आहोत आणि त्या लिखाणाचा उपयोग कशासाठी केला जाणार नाही, हे तिन्ही त्याला स्पष्ट सांगावे. खांबाआड उभे राहून घेतलेली नोंद निरुपयोगी असते, कारण ते फार वेळ लपून राहत नाही आणि एकदा उघड झाले की पुढे सहा महिने कोणी खरे सांगत नाही. मोबाइलवर चित्रीकरण करायचे असल्यास परवानगी घेऊन करावे, चेहऱ्यापेक्षा हातांवर आणि कामाच्या जागेवर कॅमेरा ठेवावा आणि ते चित्रीकरण सर्वप्रथम त्या ऑपरेटरलाच दाखवावे. आपलेच काम पाहताना तो स्वतःहून चार गोष्टी सांगतो, ज्या बाहेरच्या माणसाला दिसलेल्याही नसतात.

पहिली नोंद संपूर्ण प्रवाहाची असावी. कास्टिंग गेटमधून आत आल्यापासून तयार नग बाहेर जाईपर्यंत त्याचे काय काय होते, ते एकाखाली एक लिहावे. यासाठी जगभर पाच चिन्हे वापरली जातात: क्रियेसाठी वर्तुळ, वाहतुकीसाठी बाण, तपासणीसाठी चौकोन, खोळंब्यासाठी इंग्रजी डी या अक्षराचा आकार आणि साठवणीसाठी खाली टोक असलेला त्रिकोण. प्रत्येक ओळीसमोर अंतर मीटरमध्ये आणि वेळ मिनिटांत लिहावी. आपल्या उदाहरणात ही यादी तीस-पस्तीस ओळींची होईल आणि त्यात वर्तुळे सहा-सातच असतील. ग्राहक ज्याचे पैसे देतो ती कामे एवढीच. बाकीच्या ओळी उचलण्याच्या, ठेवण्याच्या, मोजण्याच्या आणि वाट पाहण्याच्या असतात. येथे एक पथ्य पाळावे. तक्ता ऑफिसात बसून, प्रोसेस शीट पाहून भरू नये. प्रोसेस शीटमध्ये कास्टिंग थेट लेथवर जाते. प्रत्यक्षात ते आधी एका कोपऱ्यात उतरते, तिथून मोजून दुसऱ्या क्रेटमध्ये जाते, आणि घाईचा दुसरा जॉब आला की पुन्हा बाजूला सरकवले जाते.

दुसरी नोंद मशीनच्या वेळेची. लेथ दिवसातून किती वेळ खरोखर कापत असते, हे विचारून कळत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३० च्या दशकात कापडगिरण्यांसाठी वापरात आणलेली नमुना निरीक्षणाची पद्धत आजही सर्वात स्वस्त आहे. दिवसातील अनियमित वेळा आधी चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, त्या त्या वेळी मशीनजवळून जावे आणि त्या क्षणी मशीन काय करत आहे तेवढेच लिहावे: कटिंग चालू, जॉब चढवणे-उतरवणे, सेटिंग, तपासणीची वाट, मटेरियलची वाट, बिघाड, ऑपरेटर जागेवर नाही. मशीन सुमारे ३० टक्के वेळ थांबलेले असेल असा अंदाज असल्यास आणि उत्तर पाच टक्के अलीकडे-पलीकडे चालणार असल्यास, ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे ३२३ निरीक्षणे लागतात. दोन लेथ, दिवसाला वीस फेऱ्या, म्हणजे दिवसाची चाळीस निरीक्षणे; आठ-नऊ दिवसांत काम होते. फेऱ्या ठरावीक तासाला मारू नयेत, कारण चहाच्या वेळेशी त्यांची गाठ पडली तर मशीन नेहमीच बंद दिसेल. रात्रपाळीतही फेऱ्या माराव्यात. ती नोंद बहुतेक जण टाळतात.

प्रश्नांचा क्रम

तक्ता तयार झाला की प्रत्येक ओळीला पाच अंगांनी प्रश्न विचारायचे: हे कशासाठी केले जाते, कुठे केले जाते, केव्हा केले जाते, कोण करते आणि कसे करते. प्रत्येक उत्तरानंतर लगेच दुसरा प्रश्न: तसेच का, आणि दुसरे काय करता येईल? क्रमाला महत्त्व आहे. ‘कशासाठी’ या प्रश्नातून एखादी कृती पूर्णपणे काढून टाकता येते. ‘कुठे, केव्हा, कोण’ या प्रश्नांतून कृती एकत्र करता येतात किंवा त्यांचा क्रम बदलता येतो. ‘कसे’ या प्रश्नातून ती सोपी करता येते. बहुतेक अभियंते ‘कसे’पासूनच सुरुवात करतात, कारण तिथे नवे फिक्स्चर (नग धरून ठेवणारी चौकट), नवे टूल, नवी ट्रॉली असे काहीतरी बनवायला मिळते. परिणामी, करण्याची गरजच नसलेले काम अधिक सफाईने होऊ लागते.

उदाहरण घेऊ. टर्निंगनंतर नगावर तेल लावले जाते, व्हीएमसीवर जाण्यापूर्वी ते पुसले जाते, आणि शेवटी पुन्हा तेल लावले जाते. मधले तेल कशासाठी? गंज येऊ नये म्हणून. गंज का येतो? कारण नग दोन-तीन दिवस व्हीएमसीपुढे पडून राहतात. का राहतात? कारण लेथवर एकेका जॉबची मोठी बॅच काढली जाते. मोठी बॅच का? कारण सेटिंगला ९५ मिनिटे लागतात. तेलाच्या ब्रशपासून निघालेला प्रश्न सेटिंगपर्यंत पोहोचला. तेल लावण्यासाठी फवारणीचे यंत्र घ्यावे, अशी सूचना मध्येच कोणी केली असती तर ती मंजूरही झाली असती.

माणूस आणि मशीन यांचा एकत्रित तक्ता

लेथवरील ३.६ मिनिटांची फोड अशी आहे: मशीन स्वतःहून कापते २.४ मिनिटे, ऑपरेटर जॉब उतरवून नवा चढवतो ०.५ मिनिट, उतरवलेल्या नगाची बर फाइलने काढतो ०.४ मिनिट, गो-नो गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारे) लावून बोअर, म्हणजे आतले छिद्र, तपासतो ०.३ मिनिट. कागदावर दोन उभे पट्टे काढावेत, एक माणसाचा, एक मशीनचा, आणि वेळ वरून खाली लिहावी. पट्टे काढल्याबरोबर दिसते की बर काढताना आणि गेज लावताना मशीन दार उघडून स्वस्थ उभे आहे, आणि मशीन कापत असताना माणूस स्वस्थ उभा आहे. नवा नग आधी चढवून, मशीन सुरू करून, मग हातातल्या नगाची बर काढली आणि तपासणी केली, तर चक्र २.४ अधिक ०.५, म्हणजे २.९ मिनिटांवर येते. ताशी साडेसोळाच्या आसपास निघणारे नग वीसच्या वर जातात. एक रुपयाही खर्च झालेला नाही आणि कोणाचाही हात पूर्वीपेक्षा वेगाने हललेला नाही.

अर्थात ऑपरेटर पूर्वी तसे का करत नव्हता, हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. अनेकदा त्याचे कारण सबळ असते. गेज लावून माप बघितल्याशिवाय पुढचा नग लावला आणि इन्सर्ट (टूलचा कापणारा, बदलता येणारा तुकडा) झिजलेला निघाला, तर एकाऐवजी दोन नग वाया जातात, आणि रिजेक्शनचा जाब त्यालाच विचारला जातो. तेव्हा नवी पद्धत सांगताना इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा तो आकडा ठरवून द्यावा लागेल, आणि त्या मर्यादेत एखादा नग वाया गेल्यास त्याची जबाबदारी ऑपरेटरवर टाकली जाणार नाही, हेही लेखी सांगावे लागेल.

वेळ वाचवण्याच्या नादात एक गोष्ट कधीही करू नये: दाराचे इंटरलॉक (मशीन फिरत असताना दार उघडू न देणारी यंत्रणा) बायपास करणे. चक (नग धरून फिरणारा भाग) थांबण्याआधी दार उघडता आले तर दर नगामागे काही सेकंद वाचतात हे खरे. पण फिरत्या चकजवळ हात नेण्याची सोय करून देणे याला सुधारणा म्हणता येत नाही. चिप्स (कापताना निघणारा धातूचा कीस) हाताने ओढू नयेत, हुक वापरावा, हे जसे नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, तसे ते पद्धतीच्या कागदावरही असले पाहिजे.

जॉब बदलण्याचा वेळ

सेटिंगचा वेळ म्हणजे आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला नग पास होईपर्यंतचा वेळ. पुष्कळ ठिकाणी सेटर (मशीन जुळवणारा कारागीर) जॉ (चकमधील नग पकडणारे जबडे) लावू लागतो तेव्हापासून मोजणी सुरू होते आणि पहिला नग निघाला की थांबते, त्यामुळे वाट पाहण्याचा सगळा वेळ हिशोबातून गळतो. या विषयावर जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांचे काम मूलभूत आहे. १९५० मध्ये हिरोशिमा येथील माझदाच्या कारखान्यात प्रेसच्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) बदलण्याचे निरीक्षण करताना, एक हरवलेला बोल्ट शोधण्यात तासाहून अधिक वेळ गेलेला त्यांनी पाहिला. आणि मशीन थांबवूनच करता येणारे काम व मशीन चालू असताना करता येणारे काम, असा भेद त्यांनी मांडला. १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवर चार तासांचा डाय बदल आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला गेला, तो याच भेदाच्या आधारावर.

आपल्या लेथवरील ९५ मिनिटे अशी जातात: आधीच्या जॉबचे क्रेट हलवणे आणि मशीन साफ करणे ९, ड्रॉइंग, प्रोग्रॅम आणि सेटिंग शीट शोधणे ११, सॉफ्ट जॉ (नगाच्या मापाला कापून घ्यायचे मऊ जबडे) बदलून बोअर करणे २२, स्टोअरमधून टूल-इन्सर्ट आणून बसवणे १६, ऑफसेट घेणे (टूलचे स्थान मोजून मशीनला देणे) १२, पहिला नग काढणे ५, त्याच्या तपासणीची वाट आणि तपासणी १४, दुरुस्ती करून दुसरा नग काढणे ६.

यातील शोधाशोधीची ११ मिनिटे सेटिंगमध्ये असण्याचे काहीच कारण नाही. पुढचा जॉब कोणता हे किमान तासभर आधी ठरलेले असेल, तर ड्रॉइंग, सेटिंग शीट, जॉ, टूल, इन्सर्ट, गेज आणि पाने एका ट्रॉलीवर मशीनशेजारी येऊन थांबू शकतात. ट्रॉलीत प्रत्येक वस्तूची जागा तिच्या आकाराप्रमाणे कापलेली असावी, म्हणजे एखादी ॲलन की नसेल तर ती रिकामी जागा दुरून दिसते. टूल आणण्याच्या १६ मिनिटांपैकी १० मिनिटे स्टोअरपर्यंत चालण्यात आणि खिडकीपाशी उभे राहण्यात जातात. तीही ट्रॉलीमुळे वाचतात. मात्र पुढचा जॉब कोणता हेच ऐनवेळी ठरत असेल, तर ट्रॉली कितीही सुबक बनवली तरी ती रिकामीच उभी राहील. सेटिंग सुधारण्याची पहिली अट प्लॅनिंगच्या टेबलावर पूर्ण व्हावी लागते, आणि घोडे पेंड खाते ते बहुधा तिथेच.

जॉची २२ मिनिटे थोडी अवघड आहेत. सॉफ्ट जॉ काढून पुन्हा लावले की त्यांचे केंद्र थोडे हलते, म्हणून दर वेळी बोअर करावे लागते. पण प्रत्येक जॉबसाठी वेगळा जॉ संच ठेवला, त्यावर जॉब क्रमांक आणि चकमधील एक-दोन-तीन ही जागा कोरली, आणि दर वेळी चकच्या त्याच दात्यांवर तो बसवला, तर संपूर्ण बोअर करण्याऐवजी हलका कट पुरतो. ज्या नगावर रन-आउटची (फिरताना नग केंद्रापासून किती हलतो त्याची) मर्यादा फार कडक नाही, तिथे सेटरने डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारे मापक) लावून खात्री केल्यावर तोही लागत नाही. २२ ची १० मिनिटे होतात. ऑफसेटच्या बाबतीत, चार-पाच जॉबना समान असणारी टूल टरेटवर (टूल धरणाऱ्या फिरत्या भागावर) कायम एकाच स्टेशनवर ठेवावीत आणि त्याप्रमाणे प्रोग्रॅम बदलून घ्यावेत. मग बदलायची टूल दोन-तीनच उरतात आणि १२ ची ७ मिनिटे होतात. पहिल्या नगाच्या तपासणीत १४ पैकी ९ मिनिटे निव्वळ वाट पाहण्याची आहेत, कारण इन्स्पेक्टर दुसऱ्या टोकाला असतो. नग निघण्याच्या दहा मिनिटे आधी त्याला कळवले आणि गेज ट्रॉलीवरच ठेवले, तर तपासणी ५ मिनिटांत होते. साफसफाई ९ वरून ५ वर, दुरुस्ती ६ वरून ४ वर येते. टूल बसवण्याची ६ आणि पहिला नग काढण्याची ५ मिनिटे तशीच राहतात. एकूण ४२.

दिवसाच्या दोन सेटिंगमागे १०६ मिनिटे वाचली. २.९ मिनिटांच्या चक्राने त्यात सुमारे ३६ नग निघतात. महिन्याचा हिशोब पुन्हा मांडला तर ५,००० नगांना २४२ तास आणि ५० सेटिंगना ३५ तास, म्हणजे २७७ तास. आधी ३७९ होते. आता अडचणीचे मशीन लेथ राहिलेले नाही, ३३५ तासांची व्हीएमसी झाली आहे. यापुढे लेथवर आणखी सुधारणा करत राहण्यात अर्थ नाही. वाचलेल्या वेळेचा सर्वात चांगला उपयोग म्हणजे सेटिंगची संख्या वाढवून बॅच लहान करणे. तसे केले की व्हीएमसीपुढील थप्पी कमी होते, आणि ते मधले तेल लावणे-पुसणे आपोआप बंद होते.

टेबलावरचे काम

बर काढण्याच्या टेबलाबद्दल थोडक्यात. कामाची उंची माणसाच्या कोपराशी जुळवावी; उभ्याने करायच्या हलक्या हातकामासाठी ती कोपराच्या साधारण १० सेंमी खाली ठीक पडते, बारीक नजरेच्या कामासाठी कोपरापेक्षा किंचित वर, आणि जोर लावायच्या कामासाठी बरीच खाली. टेबल एकाच उंचीचे असेल तर बुटक्या माणसासाठी लाकडी पाट ठेवावा. क्रेट जमिनीवर ठेवू नये. दर नगामागे वाकणे म्हणजे शिफ्टला शेकडो वेळा वाकणे. फाइल, ब्रश, गेज हात लांब न करता पोहोचतील अशा कमानीत असावेत, आणि एक हात केवळ नग धरून ठेवण्यात गुंतत असेल तर ते काम साध्या फिक्स्चरला द्यावे.

माणसांची बाजू

एका चक्रात ऑपरेटरला १.२ मिनिटांचेच काम आहे, मग त्यालाच दोन्ही लेथ का देऊ नयेत, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या मनात येणारच. आकड्यांनी तो बरोबर दिसतो: दोन मशीनचे मिळून २.४ मिनिटे काम, चक्र २.९ मिनिटांचे, म्हणजे ८३ टक्के भार. पण या आकड्यात इन्सर्ट बदलणे, चिप्स काढणे, कूलंट पाहणे, पाणी पिणे यांपैकी काहीही नाही. आणि मुंबईत तरी हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली गिरणी कामगारांचा जो सार्वत्रिक संप सहा महिने चालला, त्याच्या मुळाशी एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत यासारख्या बदलांचा मोठा वाटा होता. घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे कामगार संशयाने का पाहतो, याचे उत्तर त्या इतिहासात आहे, आणि तो संशय निराधार नव्हता.

म्हणून नवी पद्धत अमलात आणण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात. या अभ्यासामुळे कोणाची नोकरी जाणार नाही, हे मालकाने स्वतः सांगावे; तसे सांगता येत नसेल तर अभ्यास सुरूच करू नये. पीस रेट (नगामागे मजुरी) किंवा प्रोत्साहन भत्ता असल्यास, पद्धत सुधारल्यावर त्याचे काय होईल ते आधी बोलून घ्यावे; नग वाढले म्हणून लगेच दर कापला, तर पुढची प्रत्येक सूचना ऑपरेटरच्या मनातच राहील. आणि कामगारांच्या सेवाशर्ती बदलणारे पाऊल असेल, तर कायद्याची वाट चुकवू नये. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-क मध्ये ठरावीक बदलांसाठी २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद होती, आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ती आहे. सुसूत्रीकरणामुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल, तर तो बदल त्या यादीत मोडतो.

पहिली चाचणी एका मशीनवर, एका शिफ्टमध्ये, स्वतःहून तयार झालेल्या ऑपरेटरबरोबर घ्यावी. सुरुवातीच्या काही दिवसांत उत्पादन पूर्वीपेक्षा कमी भरणे स्वाभाविक आहे, कारण हात जुन्या क्रमाने जातात. त्या दिवसांचा आकडा फळ्यावर लिहू नये. चाचणीत पद्धत बदलण्याची मुभा ऑपरेटरला असावी. ट्रॉली उजवीकडे की डावीकडे, हे त्याने ठरवलेले बहुधा बरोबर निघते.

आता घड्याळ

पद्धत स्थिरावल्यानंतर, आणि सर्व शिफ्टमध्ये ती सारखीच केली जाते याची खात्री झाल्यानंतर, वेळ मोजावा. काम लहान भागांत तोडावे आणि प्रत्येक भागाचा आरंभ व शेवट ओळखू येईल अशी खूण ठरवावी: दार बंद झाल्याचा आवाज, नग क्रेटमध्ये ठेवल्याचा क्षण. मशीनने कापण्याचा वेळ आणि हाताने करण्याचा वेळ वेगळे ठेवावेत, कारण ऑपरेटरच्या वेगाचा अंदाज फक्त हातकामाला लागू होतो. टेबलावर बर काढण्याचे उदाहरण घेतले, तर निरीक्षणांची सरासरी ०.८० मिनिट आली आणि काम करणाऱ्याचा वेग प्रमाणित वेगाच्या ९० टक्के वाटला, तर मूळ वेळ ०.७२ मिनिट. त्यावर वैयक्तिक गरजा, थकवा आणि अटळ खोळंबे यांसाठी १५ टक्के सूट धरली, तर प्रमाणवेळ ०.८३ मिनिट होते. सूट म्हणून धरायचे हे टक्के कंजूषपणे ठरवू नयेत. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोनला उभे राहणाऱ्या माणसाचा थकवा डिसेंबरात मोजता येत नाही. सर्वात चपळ ऑपरेटरचे मोजमाप घेऊन ते सर्वांवर लादू नये. सरासरी कौशल्याचा, कामात मुरलेला माणूस निवडावा.

कागद आणि देखभाल

ठरलेली पद्धत एका पानावर मावली पाहिजे: क्रम, फोटो, इन्सर्ट बदलण्याचा आकडा, गेज, सुरक्षेच्या सूचना आणि प्रमाणवेळ. कागद मराठीत तर हवाच, पण शॉपमध्ये बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेली मुले असतील तर हिंदीतही हवा. तो प्लास्टिकमध्ये घालून मशीनवर, डोळ्यांच्या उंचीवर लावावा. तारीख आणि आवृत्ती क्रमांक घालावा, आणि नवा कागद लावताना जुना काढून फाडावा. दोन कागद शेजारी लटकत असतील तर ऑपरेटर त्याला सोयीचा वाचतो.

त्यानंतर महिन्यातून एकदा, कोणत्याही शिफ्टमध्ये, कागद हातात घेऊन एक पूर्ण सेटिंग आणि दहा नग पाहावेत. फरक दिसला तर आधी कागद तपासावा. कदाचित फाउंड्री बदलली असेल आणि कास्टिंगवर जास्त माल येत असेल, कदाचित ग्राहकाने ड्रॉइंगमधील माप बदलले असेल, किंवा ऑपरेटरने कागदापेक्षा चांगली रीत शोधली असेल. पहिल्या दोन कारणांसाठी प्रमाणवेळ नव्याने मोजावी लागेल. तिसरे कारण असेल तर नवी रीत दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरकडून करवून पाहावी, तिथेही ती जमली तर कागदाची पुढची आवृत्ती काढावी आणि ज्याने ती शोधली त्याचे नाव त्या पानावर खाली लिहावे.